वार आणि वाव : एका सोप्या गुणोत्तराचा इतिहास

इंग्रजी लांबीमानाच्या कोष्टकात बारा इंचांचा एक फूट, तीन फुटांचा एक वार आणि दोन वारांचा एक फॅदम असा क्रम दिलेला असतो. फॅदम या मापास मराठीत वाव (जुन्या लेखनात वांव) असा शब्द आहे. दोन्ही हात आडवे पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत जे अंतर होते ती वाव. हा शब्द स्त्रीलिंगी असून ‘संधी’ वा ‘अवकाश’ या अर्थाच्या पुल्लिंगी वाव शब्दाशी त्याची गल्लत करू नये. कोष्टकाप्रमाणे वारांच्या वावा करावयाच्या तर दोनाने भागावे, वावांचे वार करावयाचे तर दोनाने गुणावे. एवढ्यावर हा विषय संपतो असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकास हे कोष्टक जपूनच वापरावे लागते. बंदरांचे जुने नकाशे, जहाजांच्या नोंदवह्या, नाविक मार्गदर्शिका, खाणींचे आराखडे यांतील आकडे वावांत दिलेले असतात. ते वारांत, फुटांत वा मीटरांत आणताना आपण अभावितपणे असे गृहीत धरतो, की कोष्टकातील दोनाचे गुणोत्तर सर्व काळी व सर्व ठिकाणी खरे होते. हे गृहीत कितपत टिकते, ते कोठे मोडते, आणि मोडले असता ऐतिहासिक निष्कर्षांवर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : वार आणि वाव ही दोन माने दोन भिन्न व्यवहारांत जन्मास आली, त्यांच्यातील दोनाचे गुणोत्तर हा निसर्गसिद्ध संबंध नसून फूट या तिसऱ्या मानाच्या द्वारे केलेली जुळणी आहे, आणि वावेचे मान व्यवहारात या जुळणीपासून पुनःपुन्हा ढळलेले आहे.

१. काठी आणि कव

प्रथम शब्दांकडे पाहू. यार्ड हा शब्द प्राचीन इंग्रजीतील काठी वा छडी या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत कापडाच्या मापास ‘व्हारा’ म्हणत. त्याचाही मूळ अर्थ काठी असाच आहे. मराठेशाहीतील जमीनमोजणीत ‘पाच हात पाच मुठी’ लांबीची काठी हेच मान होते व तिलाच काठी म्हणत, हे येथे स्मरावे. मापाचे साधन आणि मापाचे नाव एकच असण्याची ही रीत सर्वत्र आढळते. पोर्तुगीज व्हारा आणि मराठी वार यांतील ध्वनिसाम्य कोणाच्याही ध्यानात येईल. परंतु पोर्तुगीज व्हारा सुमारे १.१० मीटर भरतो आणि मराठीत ज्यास वार म्हणतात तो ३६ इंचांचा, म्हणजे सुमारे ०.९१ मीटर आहे. नावाच्या साम्यावरून लांबीचे ऐक्य कधीही गृहीत धरू नये याचे हे पहिलेच उदाहरण होय.

फॅदमची गोष्ट निराळी आहे. या शब्दाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ पसरलेले बाहू, कव, मिठी असा होता. डच, स्वीडिश, डॅनिश व जर्मन भाषांत त्याचे सगोत्र शब्द आहेत. जर्मन शब्दाचा रूढ अर्थ तर ‘दोरा’ असा झाला आहे, कारण दोरा हात पसरून मोजला जाई. फ्रेंच ‘ब्रास’, स्पॅनिश ‘ब्रासा’ व पोर्तुगीज ‘ब्रासा’ हे शब्द बाहू या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाले. ग्रीक ‘ऑर्गिया’ हा हात ताणणे या अर्थाच्या धातूशी संबद्ध आहे. संस्कृतातील ‘व्याम’ हाही नेमका हाच अर्थ सांगतो, आणि मराठी वांव हा शब्द त्याचाच वंशज आहे. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या समाजांनी एकाच शारीरिक हालचालीस मापाचा दर्जा द्यावा, यात नवल नाही. दोरी मोजावयाची झाली की माणूस ती दोन्ही हातांत धरून हात पसरतो, मग पुढचा भाग ओढून घेतो व पुन्हा पसरतो. त्यास वेगळ्या साधनाची गरज पडत नाही.

येथेच या दोन मानांमधील मूलभूत भेद दिसतो. वार ही एक वस्तू आहे : ती ठेवता येते, तपासता येते, तिची प्रत करता येते, ती खोटी असल्यास जप्त करता येते. वाव ही क्रिया आहे. ती ज्याच्या हातून घडते त्याच्या शरीराशी ती बांधलेली असते. पहिल्या मानावर राजसत्तेचे नियंत्रण लवकर बसले. दुसरे मान दीर्घकाळ नावाड्यांच्या, कोळ्यांच्या व खाणकामगारांच्या हाती राहिले.

२. वार प्रमाणित कसा झाला

इंग्लंडचा राजा पहिला हेन्री (कारकीर्द ११००–११३५) याने व्यापाऱ्यांचे खोटे माप स्वतःच्या बाहूच्या लांबीवरून दुरुस्त केले, असे माम्सबरीचा विल्यम हा समकालीन इतिहासकार सांगतो. या कथेचे वाच्यार्थाने प्रामाण्य कितीही असो, कापडाच्या मापावर राजाचा अधिकार आहे ही कल्पना तीत स्पष्ट दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या वा चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्रसिद्ध विधानलेखात जवाच्या तीन दाण्यांचा इंच, बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार आणि साडेपाच वारांची जमीनमोजणीची काठी अशी मालिका बांधून दिलेली आढळते. या मालिकेत कापडाचा वार आणि जमिनीची काठी ही दोन माने जोडली गेली. फॅदमचा तीत उल्लेख नाही. कापड आणि जमीन या करआकारणीच्या वस्तू होत्या. पाण्याची खोली ही नव्हती.

वाराची लांबीदेखील व्यवहारात सहजासहजी स्थिर झाली नाही. कापड मोजताना प्रत्येक वारामागे मूठभर अधिक कापड घेण्याची लंडनची प्रथा १४३९ च्या एका कायद्याने बंद केली, व त्याऐवजी वार आणि वर एक इंच असे माप ठरविले. म्हणजे कायद्याच्याच संमतीने कापडाचा वार ३६ ऐवजी ३७ इंचांचा झाला. एलिझाबेथ राणीच्या काळी १५८८ मध्ये तयार केलेला प्रमाण वार दोनशेहून अधिक वर्षे उपयोगात होता. पुढे जॉन बर्ड याने १७६० मध्ये बनविलेल्या पट्टीस १८२४ च्या कायद्याने साम्राज्याचा प्रमाण वार ठरविण्यात आले. ही पट्टी नष्ट झाल्यास लंडन येथे सेकंदास एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून (३९.१३९३ इंच) ती पुन्हा निर्माण करावी, अशी तरतूद त्या कायद्यात होती. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या इमारतीस आग लागली व पट्टी निकामी झाली. परंतु तोवर लंबकाच्या मोजणीतील दुरुस्त्या सदोष असल्याचे आढळून आले होते. म्हणून नवी पट्टी लंबकावरून न करता उरलेल्या विश्वसनीय प्रतींवरून करण्यात आली. काशाची ही नवी पट्टी १८५५ मध्ये कायद्याने मान्य झाली. तिच्यात बसविलेल्या दोन सुवर्णखुंट्यांवरील रेषांमधील, ६२ अंश फॅरनहाइट तापमानास भरणारे, अंतर म्हणजे एक वार. भारतात १८८९ च्या लांबीमापांच्या कायद्याने हाच वार प्रमाण मानला.

यानंतर वाराचे भवितव्य मीटरशी निगडित झाले. अमेरिकेने १८९३ मध्ये वार म्हणजे ३६००/३९३७ मीटर अशी व्याख्या स्वीकारली; ब्रिटनने १८९८ मध्ये मीटर म्हणजे ३९.३७०११३ इंच असे समीकरण मान्य केले. हे किंचित भिन्न वार १ जुलै १९५९ पासून एकत्र आणण्यात आले आणि सहा इंग्रजीभाषक राष्ट्रांनी वार म्हणजे ०.९१४४ मीटर असे ठरविले. ब्रिटनमध्ये १९६३ च्या कायद्याने ही व्याख्या विधिमान्य झाली. त्या हिशेबाने दोन वारांची वाव म्हणजे १.८२८८ मीटर. अमेरिकेतील भूमापनात जुना फूट पुढेही चालू राहिला व २०२२ च्या अखेरीस तो निवृत्त करण्यात आला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कामातही फूट व मीटर यांचे गुणोत्तर एकच राहिले नाही : १९३७ मध्ये ०.३०४७९८४१ आणि १९७५ मध्ये ०.३०४७९९५ अशी मूल्ये वापरण्यात आली. देशव्यापी त्रिकोणमापनात या सूक्ष्म भेदांस महत्त्व आहे. समुद्राच्या खोलीच्या नोंदींत मात्र ते नगण्य आहेत, कारण दहा लाखांत काही थोड्या भागांचा फरक दोरीने मोजलेल्या खोलीत दिसूच शकत नाही. तेथील खरे फरक याहून कितीतरी मोठे आहेत.

३. वावेचा व्यवहार

समुद्राची खोली मोजण्याचे पारंपरिक साधन म्हणजे शिशाचे वजन लावलेली दोरी. ब्रिटिश जहाजांवर उथळ पाण्यासाठी जी हातदोरी वापरीत ती सुमारे २० ते २५ वाव लांब असे. तिच्यावर प्रत्येक वावेस खूण नसे. २ व ३ वावांवर अनुक्रमे दोन व तीन टोकांची चामड्याची पट्टी, ५ वर पांढऱ्या कापडाचा तुकडा, ७ वर तांबड्या, १० वर भोक पाडलेले चामडे, १३ वर निळे कापड, १५ व १७ वर पुन्हा पांढरे व तांबडे, आणि २० वर दोन गाठींची दोरी अशी योजना होती. पांढरे कापड सुती, तांबडे ध्वजाच्या कापडाचे व निळे जाड लोकरी घेण्याची प्रथा होती. हेतू हा की, अंधारात दिसले नाही तरी खूण बोटांनी वा ओठांनी ओळखता यावी. मधल्या, खुणा नसलेल्या वावा खलाशी अंदाजाने सांगे, आणि खुणेवरची खोली व अंदाजाची खोली पुकारण्याचे शब्दही वेगळे असत. मिसिसिपी नदीवरील बोटींत दोन वावांच्या, म्हणजे बारा फुटांच्या, खुणेचा पुकारा ‘मार्क ट्वेन’ असा होई. सॅम्युएल क्लेमेन्स या लेखकाने १८६३ पासून हेच नाव धारण केले. शिशाच्या बुडाशी असलेल्या खोबणीत चरबी भरीत. तिला चिकटून आलेली वाळू, चिखल वा शिंपले पाहून तळाचे स्वरूप कळे.

ही पद्धत फार जुनी आहे. इजिप्तच्या किनाऱ्यापासून एका दिवसाच्या वाटेवर शिसे टाकले असता चिखल वर येतो व खोली ११ ऑर्गिया लागते, असे हिरॉडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नमूद केले आहे. बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पौलाच्या गलबताच्या प्रसंगी प्रथम २० व थोडे पुढे गेल्यावर १५ ऑर्गिया पाणी लागल्याचे वर्णन आहे. दोन्ही ठिकाणी नावाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट खोलीचा नेमका आकडा ही नसून ती घटत आहे की नाही ही आहे. आकडा २० वरून १५ वर आला, एवढ्यावरून जमीन जवळ आल्याचे कळते. मग ती वाव साडेपाच फुटांची असो वा सहा फुटांची असो. या कारणामुळेच वावेचे मान काटेकोर करण्याची निकड नाविकांस दीर्घकाळ भासली नाही.

समुद्राखेरीज दोर, जाळी आणि खाणी या क्षेत्रांत वाव चालत असे. कॉर्नवॉलच्या कथील व तांब्याच्या खाणींत प्रत्येक मजल्यास त्याच्या वावांतील खोलीवरूनच नाव पडे. ही खोली जमिनीच्या पृष्ठभागापासून नव्हे तर पाणी वाहून नेणाऱ्या आडव्या बोगद्याच्या पातळीपासून मोजली जाई. म्हणजे आकड्याबरोबर तो कोठून मोजला हेही पाहावे लागते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

४. दोनाचे गुणोत्तर : एक की अनेक?

वाव आणि कापडाचे माप यांची सांगड इंग्लंडातच घातली गेली असे नाही. हिरॉडोटसने दिलेले समीकरण एक ऑर्गिया म्हणजे सहा पाय वा चार हात असे आहे. पुरुषाची उंची व पसरलेल्या बाहूंचा विस्तार साधारणतः समान असतो आणि त्यात सुमारे सहा पावले मावतात. तेव्हा वावेचे सहा फूट होणे हे शरीराच्या प्रमाणांस धरून आहे. परंतु वाव आणि कापडाची काठी यांचा संबंध मात्र देशोदेशी निरनिराळा आहे.

स्पेनमध्ये ब्रासा म्हणजे दोन व्हारा, अर्थात सहा स्पॅनिश पाय, असे होते. लांबी सुमारे १.६७ मीटर. पोर्तुगालमध्येही ब्रासा दोन व्हारांचीच होती. परंतु पोर्तुगीज व्हारा पाच वितींचा असल्याने ब्रासा दहा वितींची, सुमारे २.२० मीटर झाली. इंग्लंडात दोन वारांची वाव १.८३ मीटर. तीनही देशांत गुणोत्तर दोनच असून लांबीत मात्र अर्ध्या मीटरहून अधिक अंतर पडले. उलट स्वीडन व डेन्मार्क येथे वाव तीन हातांची होती. तिची लांबी अनुक्रमे सुमारे १.७८ व १.८८ मीटर, म्हणजे इंग्रजी वावेच्या पुष्कळ जवळ, पण गुणोत्तर तीनाचे. रशियातील साझेन हेही तीन अर्शिनांचे असून ते सात इंग्रजी फुटांबरोबर धरले गेले, म्हणजे २.१३ मीटर; समुद्रावर मात्र सहा फुटांचे साझेन चाले. फ्रान्समधील नाविक ब्रास पाच फ्रेंच पायांची, सुमारे १.६२ मीटर होती. यावरून असे दिसते, की जेथे गुणोत्तर सारखे तेथे लांबी सारखी नाही, आणि जेथे लांबी जवळजवळ सारखी तेथे गुणोत्तर सारखे नाही.

भारतीय परंपरेतही हीच स्थिती आढळते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात व्याम पाच अरत्नींचा, म्हणजे १२० अंगुळांचा सांगितला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात व्याम ८४ अंगुळांचा असून त्याचा उपयोग दोर मोजण्यासाठी व खणलेल्या खड्ड्याच्या खोलीसाठी होतो असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच प्रकरणात ९६ अंगुळांचा दंड वा धनुष्य हे वेगळे मान आहे. अंगुळ स्थूलमानाने पाऊण इंच धरल्यास ८४ अंगुळे म्हणजे सव्वापाच फूट आणि १२० अंगुळे म्हणजे साडेसात फूट होतात. एकाच शब्दाच्या या दोन मूल्यांत सव्वादोन फुटांचा फरक आहे. शुल्बसूत्रकारास यज्ञवेदीची भूमिती साधावयाची होती आणि तेथे हात व अंगुळ यांचा पूर्णांकी मेळ महत्त्वाचा होता. अर्थशास्त्रकारापुढे दोर वळणारे व खड्डे खणणारे लोक होते. दोर व खोदाई यांसाठी व्यामाचे स्वतंत्र मान नोंदविण्याची आवश्यकता कौटिल्यास वाटली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. इंग्लंडात जे पुष्कळ उशिरा घडले, म्हणजे दोरीच्या मापास सरकारी मापांच्या मालिकेत स्थान मिळणे, ते येथे आधीच घडलेले दिसते. मात्र तेथे केलेली जुळणी दोनाच्या सोप्या गुणोत्तराची नव्हती.

५. गुणोत्तर कोठे मोडते

इंग्रजी वावेकडे परत येऊ. अठराव्या शतकातील विश्वकोशवजा ग्रंथांत तीन प्रकारच्या वावा नमूद केलेल्या आढळतात : युद्धनौकांची सहा फुटांची, व्यापारी गलबतांची साडेपाच फुटांची, आणि मासेमारीच्या होड्यांची पाच फुटांची. या भेदाचे कारण काहीही दिले जावो, त्याचा अर्थ एवढा निश्चित आहे, की त्या काळी ‘दोन वारांची वाव’ हे समीकरण मुख्यतः आरमारी नोंदींनाच लागू करता येते. व्यापारी वाव सहा फुटांची मानली तर खोली नऊ टक्क्यांनी फुगते. मासेमाराची वाव तशी मानली तर वीस टक्क्यांनी.

दुसरे विचलन आडव्या अंतराच्या मोजणीत होते. समुद्रावरील ‘केबल’ हे अंतर एकीकडे शंभर वावांचे, म्हणजे दोनशे वारांचे मानीत आणि दुसरीकडे सागरी मैलाचा दहावा भाग मानीत. ब्रिटिश सागरी मैल ६,०८० फुटांचा असल्याने त्याचा दहावा भाग ६०८ फूट होतो, शंभर वावांचे मात्र ६०० फूटच भरतात. सागरी मैलाचा हजारावा भाग म्हणून वाव घेतली तर ती ६.०८ फुटांची ठरते. तोफांच्या पल्ल्याचा हिशेब करताना सागरी मैल दोन हजार वारांचा धरण्याची सोयीची रीत होती. वस्तुतः त्यात २,०२६ हून थोडे अधिक वार आहेत. अशा सोयीच्या समीकरणांचा त्या त्या कामापुरता दोष नसे. दोष उद्भवतो तो नंतरच्या वाचकाने त्यांना व्याख्येचा दर्जा दिल्यास. आंतरराष्ट्रीय सागरी मैल १९२९ मध्ये १,८५२ मीटर ठरला व ब्रिटनने तो १९७० मध्ये स्वीकारला. त्यानंतर या जुन्या समीकरणांचा उगमही विस्मरणात जाऊ लागला.

तिसरे विचलन आधुनिक असून ते सर्वांत कमी लक्षात येते. विसाव्या शतकात प्रतिध्वनीवरून खोली काढण्याची यंत्रे आली. ही यंत्रे खोली मोजत नाहीत, तर ध्वनी तळापर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजतात. वावांचा आकडा ध्वनीचा वेग गृहीत धरून मिळतो. अमेरिकन यंत्रांत हा वेग सेकंदास ८०० वाव व ब्रिटिश यंत्रांत ८२० वाव धरण्याची पद्धत होती. प्रतिध्वनी परत येण्यास चार सेकंद लागले तर पहिल्या यंत्रावर १,६०० आणि दुसऱ्यावर १,६४० असा आकडा उमटेल. समुद्र तोच, वेळ तोच, वाव कायद्याने तीच. तरीही चाळीस वावांचा, म्हणजे ऐंशी वारांचा, फरक. समुद्राच्या पाण्यातील ध्वनीचा खरा वेग तापमान, क्षारता व दाब यांनुसार बदलतो, म्हणून दुरुस्तीची कोष्टके करावी लागली. ब्रिटिश आरमारी खात्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅथ्यूज यांची कोष्टके यांपैकी प्रसिद्ध आहेत. जुन्या आकड्यावर ही दुरुस्ती झाली आहे की नाही हे पाहिल्याखेरीज त्याचे मीटर करणे निरर्थक होय.

६. रूपांतराचे पथ्य

आता प्रत्यक्ष संशोधनात या विवेचनाचा उपयोग काय ते पाहू. कोकणातील खाड्या व बंदरे गाळाने भरत जाऊन निरुपयोगी झाली, हे प्रतिपादन आपल्याकडील व्यापाराच्या इतिहासात वारंवार केले जाते. त्यास पुरावा म्हणून जुन्या नकाशांवरील खोलीचे आकडे नव्या नकाशांशी ताडून पाहण्याचा मोह होतो. साधनेही उपलब्ध आहेत : बॉम्बे मरीनचा अधिकारी जॉन मॅक्लूअर याने १७८७ पासून पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली; जेम्स हॉर्सबर्ग याची नाविक मार्गदर्शिका १८०९ पासून प्रसिद्ध होऊ लागली; विजयदुर्गासमोरच्या समुद्रातील आंग्रे बँक हे आंग्र्यांच्या नावाचे स्मारक नाविक नकाशांवरच टिकून आहे. समजा, एखाद्या व्यापारी गलबताच्या नोंदीत खाडीच्या मुखाशी ४ वाव पाणी असल्याचे लिहिले आहे आणि पुढील शतकातील पाहणीत तेथे २२ फूट पाणी आढळते. दोन वारांची वाव धरणारा अभ्यासक २४ फुटांतून २२ वजा करून दोन फूट गाळ साचला असे म्हणेल. वाव साडेपाच फुटांची असल्यास गाळ शून्य ठरतो. बंदराच्या ऱ्हासाचे एक कारण केवळ गुणाकारातून निर्माण होऊ शकते, हे यावरून दिसेल.

याहूनही मोठी चूक भरतीओहोटीच्या दुर्लक्षामुळे संभवते. पाहणी करून काढलेल्या नकाशावरील खोली उधाणाच्या ओहोटीच्या पातळीपासून देण्याची प्रथा आहे. चालत्या जहाजावरील नोंद मात्र ज्या घटकेस शिसे टाकले त्या घटकेची असते. मुंबई बंदरात उधाणाच्या भरती व ओहोटी यांमधील फरक साडेतीन मीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन वाव आहे. खाणीची खोली कोणत्या बोगद्यापासून मोजली हे जसे विचारावे लागते, तसेच येथे कोणत्या पाण्यापासून मोजले हे विचारणे प्राप्त आहे.

आकडे लिहिण्याच्या रीतीनेही फसगत होते. फॅदमांत काढलेल्या ब्रिटिश नकाशांवर उथळ पाण्यात वावांच्या आकड्याच्या पायाशी लहान आकड्यात फूट लिहीत. तीनाच्या पायाशी दोन असल्यास अर्थ ३ वाव २ फूट, म्हणजे २० फूट वा ६.१० मीटर, तो ३.२ वाव असा वाचल्यास १९.२ फूट होतात. काही नकाशांत सर्व आकडे फुटांतच असतात, आणि ही माहिती केवळ नकाशाच्या शीर्षकाखाली दिलेली असते. नकाशाचा तुकडा कापून छापलेल्या पुस्तकांत नेमका तोच मजकूर गळतो. पोर्तुगीज कागदपत्रांत ब्रासा आढळल्यास जमीनमोजणीची २.२० मीटर लांबीची ब्रासा समुद्रावरच्या नोंदीस लावणे तर सर्वस्वी अनुचित ठरेल.

शेवटी अचूकतेच्या आभासाविषयी. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने २३ मार्च १८७५ रोजी मेरियाना द्वीपसमूहाजवळ ४,४७५ वाव खोली नोंदविली. तागाच्या दोरीने, प्रत्येक शंभर वाव दोरी सुटण्यास लागणारा वेळ टिपून व तो वेग एकाएकी मंदावला की तळ लागला असे मानून, ही मोजणी होई. कोष्टकाने तिचे ८,९५० वार व ८,१८३.८८ मीटर होतात. पहिले रूपांतर निदान मूळ आकड्याची जाडी राखते. दुसऱ्यातील सेंटिमीटर मात्र त्या दोरीला ठाऊक नव्हते; तेथे ‘सुमारे ८,१८० मीटर’ हेच प्रामाणिक रूपांतर होय.

समारोप

वारांच्या वावा करणे म्हणजे दोनाने भागणे, हे विधान १९५९ नंतरच्या व्याख्येप्रमाणे निरपवाद आहे आणि ब्रिटिश आरमारी नोंदींपुरते त्याआधीही बहुतांशी खरे आहे. त्यापलीकडे ते एक गृहीत असून प्रत्येक साधनाच्या बाबतीत ते सिद्ध करावे लागते. म्हणून रूपांतरापूर्वी अभ्यासकाने चार गोष्टी निश्चित कराव्यात : वाव कोणाची, ती कोणत्या पातळीपासून मोजली, दोरीने की प्रतिध्वनीने, आणि मूळ नोंद किती सूक्ष्म होती. यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल तर मूळ आकडा मूळ मानातच द्यावा व मीटरांतील मूल्य स्थूल म्हणून कंसात लिहावे.

भारतात १९५६ च्या कायद्यानंतर मीटर रूढ झाला आणि ही दोन्ही माने अधिकृत व्यवहारातून गेली. वार आजही नऊवारी व सहावारी या शब्दांत जिवंत आहे, कारण कापडाचे माप घरोघर पोहोचले होते. वाव मात्र दोर आणि शिसे हाताळणाऱ्यांपुरती राहिली, व त्यांचे लेखी साधन फारच थोडे उरले आहे. जे उरले आहे ते वाचताना त्यांच्या हातांचे मान कापडाच्या काठीने न मोजणे, एवढी सावधगिरी इतिहासाच्या अभ्यासकाने बाळगली पाहिजे.